सभापतींचे एक पत्र आणि शेतमजुराचा हक्क : वि. स. पागे

सिंगापूरला येण्यापूर्वी ज्यांनी मुंबईत, पुण्यात किंवा नाशिकला नोकरी केली, त्यांच्या तेव्हाच्या पगारपत्रकावर एक छोटीशी ओळ असे : व्यवसाय कर. दरमहा दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाकाठी अडीच हजार. ही रक्कम कशासाठी कापली जाते, हा प्रश्न आपल्यापैकी फारच थोड्यांना पडला असेल. महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्याने आला आणि त्यामागचा हेतू स्पष्ट होता. शहरातल्या पगारदाराने आपल्या मिळकतीतला लहानसा वाटा खेड्यातल्या बेकार शेतमजुराच्या रोजगारासाठी द्यावा, असा तो हेतू होता. त्या रोजगाराची कल्पना ज्या गृहस्थाने आपल्या गावाच्या शिवारात प्रथम तपासून पाहिली, ते विठ्ठल सखाराम पागे. तब्बल अठरा वर्षे ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. २१ जुलै ही त्यांची जन्मतारीख. त्या निमित्ताने त्यांच्या आयुष्याकडे एका विशिष्ट बाजूने पाहण्याचा हा प्रयत्न आहे. वरच्या सभागृहात खेड्याचा आवाज नेमका कोणत्या वाटेने पोहोचतो, ही ती बाजू.

जागा कोणाला?

हा प्रश्न सिंगापुरात राहणाऱ्या माणसाला वेगळ्या रीतीने भेटतो. येथे संसदेचे एकच सभागृह आहे आणि खेडे असे उरलेलेच नाही. तरीही संख्येने कमी असलेल्यांना स्थान कसे द्यावे, हा पेच येथेही होताच. त्यावर १९८८ मध्ये काढलेला तोडगा म्हणजे गट प्रतिनिधित्व मतदारसंघ. एका मतदारसंघातून अनेक उमेदवारांचा एक गट उभा राहतो आणि त्या गटात मलाय, भारतीय किंवा अन्य अल्पसंख्य समाजाचा किमान एक उमेदवार असावाच लागतो.

येथून विमानाने पाच तासांवर असलेल्या पश्चिम ऑस्ट्रेलियाने आपल्या वरच्या सभागृहात वेगळी वाट धरली होती. तेथे अलीकडेपर्यंत सहा विभाग होते आणि प्रत्येक विभागातून सहा सदस्य निवडले जात. त्यातला एक विभाग शेतीप्रधान मुलखाचा होता. सुमारे एक लाख मतदारांच्या त्या गहू पिकवणाऱ्या मुलखाला जेवढ्या जागा, तेवढ्याच पर्थ शहरातल्या चार लाखांहून अधिक मतदारांच्या विभागाला. ग्रामीण भागाला झुकते माप देणारी ही व्यवस्था २०२१ च्या कायद्याने मोडीत निघाली. २०२५ च्या निवडणुकीत संपूर्ण राज्य हाच एक मतदारसंघ झाला आणि त्यातून सदतीस सदस्य निवडले गेले.

महाराष्ट्राच्या विधान परिषदेची रचना या दोहोंहून निराळी आहे. अठ्ठ्याहत्तर सदस्यांपैकी तीस जणांना विधानसभेचे आमदार पसंतिक्रमाच्या मतांनी निवडतात. बावीस जण स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघांतून येतात. सात पदवीधरांचे, सात शिक्षकांचे आणि बारा राज्यपालनियुक्त. पदवीधराला मत आहे, शिक्षकाला आहे, नगरसेवकाला आणि जिल्हा परिषद सदस्यालाही आहे. दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्या भूमिहीन मजुराला मात्र या सभागृहासाठी थेट मत नाही आणि त्याच्या नावाची एकही जागा नाही. पागे यांच्या आयुष्यातला लक्षणीय विरोधाभास येथेच आहे. ज्या सभागृहात शेतमजुराला जागा नव्हती, त्याच सभागृहाच्या सर्वोच्च खुर्चीवर बसलेल्या माणसाने त्याच्यासाठी जागेहून मोलाची गोष्ट मिळवण्याचा ध्यास घेतला.

कृष्णाकाठ आणि माळरान

पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० रोजी वाळवे तालुक्यातील बागणी येथे झाला. तेव्हा हा भाग सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवण्यात आले. हा मुलूख राजकीयदृष्ट्या सदैव धगधगता. सत्यशोधक चळवळीची मुळे येथे खोलवर गेलेली. बेचाळीसच्या आंदोलनात तासगावच्या मामलेदार कचेरीवर हजारोंचा निःशस्त्र मोर्चा गेला आणि पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले, ते याच परिसरात. पागे यांची पिढी या वातावरणात घडली. काँग्रेसच्या मार्गाने ते सार्वजनिक जीवनात आले. स्वभाव अभ्यासू आणि संतसाहित्याची मनापासून ओढ.

त्यांच्या विचारांचे मर्म समजायचे, तर या जिल्ह्याचा भूगोल लक्षात घ्यावा लागतो. सांगली जिल्ह्याच्या पश्चिमेला कृष्णा आणि वारणा. काळी कसदार जमीन, ऊस आणि त्याच्या पाठोपाठ आलेली सहकारी साखर कारखानदारी. पूर्वेकडे सरकावे तसा पाऊस आटत जातो. तासगावचा पूर्व भाग, कवठे महांकाळ, आटपाडी, जत. येथे दर काही वर्षांनी दुष्काळ ठरलेला. नदीकाठच्या मळ्यात बारमाही काम, तर तीस-चाळीस मैलांवरच्या माळरानात सुगी संपली की हाताला काम नाही. पागे यांची कर्मभूमी तासगाव तालुका आणि त्यातले विसापूर हे गाव. आज द्राक्षे आणि बेदाण्यासाठी ओळखला जाणारा हा तालुका साठच्या दशकात बहुतांशी कोरडवाहू होता. एकाच जिल्ह्यातले हे दोन महाराष्ट्र पागे यांनी जवळून पाहिले होते.

खुर्चीचे बंधन

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी पागे विधान परिषदेचे सभापती झाले. १९७८ पर्यंत ते पद त्यांच्याकडे राहिले. या काळात यशवंतराव चव्हाण, मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण आणि वसंतदादा पाटील असे मुख्यमंत्री येऊन गेले. पागे मात्र त्या उंच खुर्चीवर कायम होते.

सभापतिपद मानाचे खरे, पण ते माणसाला मुके करणारे असते. सभापती चर्चेत भाग घेत नाही, प्रश्न विचारत नाही, ठराव मांडत नाही. समसमान मते पडली तरच त्याचे मत मोजले जाते. आपल्या तालुक्यातला दुष्काळ डोळ्यांसमोर असताना त्याविषयी सभागृहात बोलण्याची मुभा ज्यांना नव्हती, त्यांत पागे यांचा क्रमांक पहिला. समोरच्या बाकांवर मात्र बोलणारे पुष्कळ होते. वाळवे तालुक्यातीलच ढवळी गावचे प्रा. एन. डी. पाटील शेतकरी कामगार पक्षातर्फे दीर्घकाळ या सभागृहात होते. सांगलीसह पाच जिल्ह्यांतील पदवीधरांचे प्रतिनिधित्व १९६६ पासून ग. प्र. प्रधान यांच्याकडे होते. कष्टकऱ्यांचे गाऱ्हाणे तेथे मांडले जात होते. ते ऐकणारा सभापती स्वतः त्याच मातीतला होता, एवढेच.

बोलता येत नसेल, तर करून पाहावे आणि लिहावे. पागे यांनी हा मार्ग पत्करला. १९६५ च्या सुमारास त्यांनी विसापुरात एक साधा हिशेब मांडला. शेतीच्या विकासाची, बांधबंदिस्तीची कामे काढली आणि काही शे रुपये मजुरीवर खर्च केले, तर किती माणसांना किती दिवस काम मिळते? तोच हिशेब राज्यभर लावला, तर काम मागणाऱ्या प्रत्येकाला काम द्यायला किती पैसा लागेल? आकडे मोठे असले, तरी राज्याच्या आवाक्याबाहेरचे नव्हते. त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्र लिहून ही कल्पना कळवली. नाईक स्वतः शेतीचे जाणकार. त्यांनी ती मनावर घेतली. तासगाव तालुक्यात प्रायोगिक स्वरूपात कामे सुरू झाली.

मदत नव्हे, हक्क

या कल्पनेतला नवेपणा नेमका कोणता? दुष्काळात सरकारने कामे काढणे ही गोष्ट जुनीच होती. ब्रिटिशांच्या काळात दुष्काळ संहितेनुसार कामे काढली जात. पण ती केव्हा काढायची, कोठे काढायची आणि केव्हा बंद करायची, हे सरकार ठरवी. मजुराने वाट पाहायची आणि मिळेल ते घ्यायचे. पागे यांनी हा क्रम उलटा केला. काम मागण्याचा अधिकार मजुराचा आणि ते पुरवण्याचे दायित्व राज्याचे. दुष्काळ जाहीर झाला की नाही, हा प्रश्नच उरत नाही. हाताला काम नाही, एवढे कारण पुरेसे.

दुसरा मुद्दा कामाच्या स्वरूपाचा. केवळ मजुरी वाटण्यासाठी खडी फोडून घेण्यात त्यांना रस नव्हता. पाझर तलाव, नालाबांध, मृदसंधारण, वनीकरण अशी कामे व्हावीत, पाणी जमिनीत मुरावे आणि कालांतराने त्या गावाला अशा कामांची गरजच कमी पडावी, ही मूळ दृष्टी होती. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने काही जमीन वाटली गेली, तरी ती प्रत्येक भूमिहीनाच्या वाट्याला येणे शक्य नव्हते. ज्याला जमीन देता येत नाही, त्याला निदान श्रमाचे मोल द्यावे, असा हा विचार होता. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरील आपल्या अभ्यासात सार्वजनिक कामांद्वारे रोजगार देण्याची आवश्यकता सांगितली, तेव्हा तासगावच्या प्रयोगाला काही वर्षे होऊन गेली होती.

बहात्तरचा दुष्काळ

१९७२ मध्ये राज्य सरकारने रोजगार हमी योजना स्वीकारली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रावर शतकातल्या भीषण दुष्काळांपैकी एक कोसळला. ज्यांचे आई-वडील त्या काळात खेड्यात होते, त्यांच्या घरी बहात्तरचा दुष्काळ हा शब्द आजही वेगळ्या सुरात उच्चारला जातो. मिलो ज्वारीची भाकरी, सुकडीची पाकिटे, उन्हात खडी फोडणाऱ्या रांगा. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. नवी योजना बाजूला राहिली आणि साऱ्या यंत्रणेला निव्वळ मदतकार्यात उतरावे लागले.

या आपत्तीने दोन गोष्टी सिद्ध केल्या. एवढ्या प्रचंड संख्येला काम देणे प्रशासनाला शक्य आहे, ही एक. दुसरी म्हणजे काम मागण्याची सवय लोकांना लागली. कामासाठी, वेळेवर मजुरीसाठी तहसील कचेऱ्यांवर मोर्चे निघाले आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. रोजगार हमीचे श्रेय एकट्या पागे यांना देणे म्हणूनच अपुरे ठरेल. नाईक यांचा राजकीय पाठिंबा, डाव्या आणि समाजवादी पक्षांचा रेटा, प्रशासनाचा अनुभव आणि रस्त्यावर उतरलेले मजूर या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. मात्र हे सारे ज्या कल्पनेभोवती एकवटले, ती त्यांची होती आणि तिचा पाठपुरावा त्यांनी अखंड केला.

पैशाचा प्रश्न १९७५ मध्ये सुटला. व्यवसाय कराबरोबरच विक्रीकर, मोटार वाहन कर, बागायती जमीन यांवर वाढीव भार बसवण्यात आला आणि जमा होणाऱ्या रकमेइतकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, असे ठरले. शहर आणि बागायत यांनी कोरडवाहू खेड्याच्या हमीचा खर्च उचलायचा. कृष्णाकाठाने माळरानाचे देणे द्यावे, असा हा सांगलीचा हिशेब राज्याच्या पातळीवर आला होता.

कायदा आणि त्यानंतर

योजना सरकारी ठरावावर चालते, तोवर ती दुसऱ्या ठरावाने बंदही होऊ शकते. म्हणून कायदा आवश्यक होता. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला, तेव्हा विधान परिषदेच्या सभापतिपदी पागे होते. बारा वर्षांपूर्वी ज्या विषयावर त्यांनी पत्र लिहिले होते, त्याच विषयाचे विधेयक त्यांच्या सभागृहातून संमत झाले. १९७८ मध्ये त्यांचे सभापतिपद संपले. कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

ग्रामीण भागातील कोणत्याही प्रौढ व्यक्तीने नाव नोंदवावे, अंगमेहनतीचे काम मागावे आणि पंधरा दिवसांत ते मिळावे. न मिळाल्यास बेकारी भत्ता. स्त्री आणि पुरुष यांना एकाच दराने मजुरी. कामावर पिण्याचे पाणी, प्रथमोपचार आणि लहान मुलांसाठी पाळणाघराची सोय. ऐंशीच्या दशकातल्या काही वर्षांत या योजनेने पंधरा कोटींहून अधिक मनुष्यदिवसांचे काम पुरवले आणि त्यात स्त्रियांचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास होता. गावाबाहेर पडून स्वतःच्या नावाने मजुरी घेण्याचा अनुभव अनेक स्त्रियांना प्रथम येथे मिळाला.

चित्र निर्दोष होते, असे मात्र नाही. बोगस हजेरीपटांनी योजना पोखरली. मजुरी आठवडेच्या आठवडे थकत असे. अर्धवट राहिलेले रस्ते पावसाळ्यात वाहून जात. बांध घातला जाई तो जमीनधारकाच्या शेतात, त्यामुळे कामाचा कायमचा लाभ मजुराऐवजी शेतमालकाला होई. बेकारी भत्ता कागदावरच राहिला. करातून जमलेला निधी सगळा खर्च होत नसे आणि तो अन्यत्र वळवल्याबद्दल टीकाही झाली. पागे यांनी पाणी मुरवण्याचे आणि गाव स्वयंपूर्ण करण्याचे जे चित्र रेखाटले होते, त्यापासून योजना पुष्कळदा दूर गेली. तरीही काम मागणाऱ्याला कायद्याचा आधार आहे, ही गोष्ट टिकली आणि त्या आधारावर मजुरांच्या संघटना न्यायालयापर्यंत जाऊ शकल्या.

१६ मार्च १९९० रोजी पागे यांचे निधन झाले. त्याच सुमारास रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवडीची योजना सुरू झाली आणि लहान शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीवर राबण्याचीही मजुरी मिळू लागली. कोकणातल्या हापूस आणि काजूच्या कित्येक बागा त्यातून उभ्या राहिल्या. २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, तेव्हा त्यापुढे महाराष्ट्राच्या अनुभवाचा नमुना होता. प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षात शंभर दिवसांच्या कामाची हमी देणारा तो कायदा २ फेब्रुवारी २००६ रोजी दोनशे जिल्ह्यांत लागू झाला.

पगारपत्रकावरची ओळ

राज्यांना वरचे सभागृह हवे की नको, हा वाद भारतात अधूनमधून डोके वर काढतो. मोजक्याच राज्यांत विधान परिषदा उरल्या आहेत आणि हरलेल्यांची सोय लावण्याची जागा, अशी त्यांची हेटाळणी होते. ती नेहमीच निराधार असते, असे म्हणता येणार नाही. पागे यांचे आयुष्य या वादाचा निकाल लावत नाही, पण त्यात एक महत्त्वाची भर घालते. पश्चिम ऑस्ट्रेलियाने ग्रामीण मुलखाला जागा दिल्या आणि पुढे त्या काढून घेतल्या. जागा बहुमताने मिळतात आणि बहुमतानेच जातात. हक्कही बहुमताने काढून घेता येतो, हे खरे. पण हक्क बजावण्याची सवय लागलेला माणूस तो हिरावू देताना झगडतो, आणि त्यासाठी त्याला सभागृहात कोणी आपला बसला असण्याची वाट पाहावी लागत नाही.

राज्याबाहेर स्थायिक झालेल्या आपल्यासारख्यांचा या कथेशी असलेला संबंध त्या जुन्या पगारपत्रकात आहे. विसापूर कोठे आहे, हे ठाऊक नसतानाही आपण अनेक वर्षे तेथल्या हिशेबात आपला वाटा भरत होतो. घराच्या कपाटात तेव्हाची पगारपत्रके अजून असतील, तर ती ओळ एकदा पुन्हा वाचून पाहावी. पागे यांचे नाव तेथे छापलेले नाही.